भंडाऱ्याच्या मतपेटीतली अमेरिका

१९५४ सालच्या एप्रिल-मे महिन्यांत जगात बरेच काही एकदम घडत होते. जिनिव्हात इंडोचायनाच्या प्रश्नावर परिषद बसली होती. २९ एप्रिलला भारत आणि चीन यांनी तिबेटविषयक करारावर सह्या केल्या आणि पंचशीलाची पाच तत्त्वे त्या कराराच्या प्रस्तावनेत नोंदली गेली. ७ मे रोजी व्हिएतनाममधला दिएन बिएन फू हा फ्रेंचांचा तळ पडला. १७ मे रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगवेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. १९ मे रोजी अमेरिका आणि पाकिस्तान यांच्यात लष्करी मदतीचा करार झाला.

त्याच उन्हाळ्यात आपल्या भंडारा मतदारसंघात लोकसभेची पोटनिवडणूक झाली. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा नव्हता; तो १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. आपले गोरेगाव तेव्हा भंडारा जिल्ह्यातले एक गाव होते आणि भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता, ज्याची राजधानी नागपूर. या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते आणि ते हरले. एवढे आपल्याकडच्या बहुतेकांना ठाऊक असते. पण प्रचारात त्यांनी कशावर बोट ठेवले होते, हे फारसे सांगितले जात नाही. त्यांच्या टीकेचा मोठा रोख नेहरू सरकारच्या परराष्ट्र धोरणावर होता. चीन, पाकिस्तान, काश्मीर आणि अमेरिका हे विषय त्यांनी धानाच्या आणि तेंदूपानांच्या या मुलखात आणले.

हा विषय आज पुन्हा काढण्याला कारण आहे. अमेरिकेतल्या ‘उजव्या’ आणि ‘डाव्या’ राजकारणावर आता आपल्या चहाच्या टपरीवरही वाद होतात. त्या वादात बाबासाहेबांचे नाव दोन्ही बाजूंनी घेतले जाते. एक जण म्हणतो, ते कम्युनिस्टविरोधी होते, अमेरिकेच्या बाजूचे होते, म्हणजे आमचे. दुसरा म्हणतो, ते समतेचे होते, म्हणजे आमचे. दोघांच्याही हातात अर्धेच कागद असतात. १९५४ सालचे सगळे कागद एकत्र ठेवून पाहिले तर काय दिसते, ते या लेखात पाहू.

बिडी, महानुभाव पंथ आणि रद्द झालेली निवडणूक

पोटनिवडणूक मुळात लागली का, याचीही गोष्ट अस्सल इथल्या मातीतली आहे. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा हा द्विसदस्य मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. दोन्ही जागा काँग्रेसने जिंकल्या. चतुर्भुज जसानी आणि तुळाराम साखरे निवडून आले. या निवडणुकीला आव्हान दिले गेले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले.

आक्षेप दोन होते. पहिला असा की जसानी हे मुलजी सिक्का या बिडी कंपनीचे भागीदार होते आणि ती कंपनी लष्करी कँटीनसाठी सरकारला बिड्या पुरवत होती. सरकारशी मालाच्या पुरवठ्याचा करार असलेला माणूस निवडणूक लढवायला अपात्र ठरतो, असा कायदा होता. दुसरा आक्षेप राखीव जागेबद्दल होता. गंगाराम ठवरे यांचा अर्ज फेटाळण्यात आला होता. ते महार समाजात जन्मलेले. पण त्यांनी महानुभाव पंथ स्वीकारला होता आणि म्हणून ते आता महार राहिले नाहीत, असे सांगितले गेले होते.

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९५४ मध्ये निकाल दिला. निकालपत्र न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिले, जे आधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. जसानी अपात्र ठरले. ठवरे यांचा अर्ज चुकीने फेटाळला होता, असेही ठरले; पंथ घेतला तरी त्यांची जात सुटलेली नव्हती, समाज त्यांना महारच मानत होता. पंथ बदलला म्हणून जात सुटते का, हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयात भंडाऱ्यातून गेला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे अडीच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जे घडले, त्याच्या पार्श्वभूमीवर तर विशेषच.

अशा रीतीने दोन्ही जागा रिकाम्या झाल्या आणि एकाच वेळी दोन्हींसाठी मतदान ठरले. राखीव जागेसाठी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे बाबासाहेब उभे राहिले. ते तेव्हा राज्यसभेचे सदस्य होते. १९५२ ची लोकसभेची निवडणूक ते मुंबईत नारायणराव काजरोळकर यांच्याकडून हरले होते. सर्वसाधारण जागेसाठी प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता उभे होते. राखीव जागेवर काँग्रेसचे उमेदवार भाऊराव बोरकर होते.

परराष्ट्र धोरणाचा हिशेब

बाबासाहेबांचा नेहरूंच्या परराष्ट्र धोरणाला विरोध १९५४ मध्ये अचानक उपजला नव्हता. १० ऑक्टोबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिमंडळाच्या राजीनाम्याचे जे निवेदन केले, त्यात राजीनाम्याच्या कारणांमध्ये परराष्ट्र धोरण होते. हिंदू कोड बिल सगळ्यांना आठवते. हे कारण मागे पडते. त्यांची मांडणी साधी होती. देशाचे वार्षिक उत्पन्न ३५० कोटी रुपये आणि त्यातले १८० कोटी सैन्यावर जातात. एवढा खर्च का करावा लागतो? कारण आपल्याला गरज पडली तर मदतीला येणारा मित्र राहिलेला नाही. आणि पाकिस्तानशी भांडण काश्मीरमुळे धुमसते आहे, म्हणून काश्मीरचा प्रश्न विभागणी करून मिटवावा, असेही त्यांचे मत होते.

त्याच महिन्यात फेडरेशनचा निवडणूक जाहीरनामा आला. त्यात अमेरिकेचा उल्लेख स्पष्ट आहे. कम्युनिस्ट चीनला संयुक्त राष्ट्रांत जागा मिळावी म्हणून भारत भांडतो आहे; ते भांडण चीनचे आहे, त्याने ते स्वतः लढावे; आपण ते अंगावर घेतल्यामुळे अमेरिकेशी वितुष्ट येते आणि आर्थिक व तांत्रिक मदत मिळणे अवघड होते, असा त्याचा आशय होता.

या म्हणण्याला त्या वर्षीच्या घडामोडींचा आधार होता. १९५१ च्या सुरुवातीला भारतात धान्याची तीव्र टंचाई होती. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी भारताला २० लाख टन धान्य अनुदान म्हणून द्यावे, अशी शिफारस फेब्रुवारीत केली. पण त्याच सुमारास कोरियाच्या युद्धात चीनला आक्रमक ठरवणाऱ्या ठरावाविरुद्ध भारताने मत दिले होते. अमेरिकन संसदेत यावर नाराजी उसळली. काही महिने चर्चा रेंगाळली आणि जून १९५१ मध्ये अनुदानाऐवजी १९ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर झाले. म्हणजे परराष्ट्र धोरणाची किंमत धान्याच्या पोत्यांत मोजली जाते, हे त्या वर्षी डोळ्यांसमोर दिसले होते.

भंडाऱ्याच्या निवडणुकीनंतर, २६ ऑगस्ट १९५४ रोजी, बाबासाहेबांनी राज्यसभेत आंतरराष्ट्रीय परिस्थितीवर भाषण केले. त्यांची सगळी भूमिका त्यात एकत्र सापडते. कम्युनिझम आणि स्वतंत्र लोकशाही शेजारी-शेजारी सुखाने नांदू शकतील, ही कल्पना त्यांना पटत नव्हती. कम्युनिझमला त्यांनी वणव्याची उपमा दिली: वाटेत येईल ते जाळत जाणारा. रशियाने कोणकोणते देश घशात घातले, त्याची यादी त्यांनी वाचली. माओंचा पंचशीलावर खरोखर विश्वास असता तर त्यांनी आपल्याच देशातल्या बौद्धांना वेगळे वागवले असते, असे त्यांनी म्हटले. ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ देऊन आपण चीनची हद्द आपल्या दारात आणून ठेवली, हा त्यांचा सगळ्यात गंभीर आरोप होता. आग्नेय आशियासाठी अमेरिका जो संरक्षण करार घडवत होती, तो म्हणजे ‘सीटो’, त्याचा पंतप्रधानांना एवढा तिटकारा का, असा सवाल त्यांनी केला. आक्रमण रोखण्यासाठी असलेल्या करारात गैर काय, हा त्यांचा मुद्दा होता. दोन आठवड्यांनी, ८ सप्टेंबरला, मनिलात त्या करारावर सह्या झाल्या. पाकिस्तान त्यात होता, भारत नव्हता.

त्या वेळचे अमेरिकन उजवे

आता हीच भाषा त्या वेळी अमेरिकेत कोण बोलत होते, ते पाहू. चीनला संयुक्त राष्ट्रांत घेऊ नका, आशियात कम्युनिस्टांना रोखा, तटस्थतेवर विश्वास ठेवू नका, हे सिनेटमधले रिपब्लिकन नेते विल्यम नोलँड रोज सांगत होते. चांग कै-शेकच्या बाजूने ते इतके बोलत की त्यांना ‘फॉर्मोसाचे सिनेटर’ म्हटले जाई. परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांचा सूर तोच; १९५६ मध्ये तर त्यांनी तटस्थतेच्या धोरणाला जाहीरपणे अनैतिक ठरवले.

पण सगळे अमेरिकन उजवे असे नव्हते. रिपब्लिकन पक्षात दुसरा एक जुना प्रवाह होता आणि त्याचे पुढारी ओहायोचे सिनेटर रॉबर्ट टाफ्ट होते. त्यांचे म्हणणे, अमेरिकेने दूरदूरच्या देशांच्या रक्षणाचे ओझे उचलू नये. त्याने कर वाढतात, सरकार फुगते आणि घरचे स्वातंत्र्य आक्रसते. १९४९ मध्ये ‘नाटो’ करारावर सिनेटमध्ये मतदान झाले तेव्हा विरोधात फक्त १३ मते पडली. त्यांत एक टाफ्ट यांचे होते. १९५२ च्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीत ते आयसेनहॉवर यांच्याकडून हरले आणि १९५३ मध्ये वारले. तरी तो विचार मेला नव्हता. फेब्रुवारी १९५४ मध्ये आंतरराष्ट्रीय करार करण्याच्या अध्यक्षांच्या अधिकाराला लगाम घालणारी एक घटनादुरुस्ती सिनेटमध्ये मांडली गेली. ती सिनेटर ब्रिकर यांच्या नावाने ओळखली जाते. ती केवळ एका मताने पडली.

तिसरा रंग सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांचा. जो दिसेल त्याच्यावर कम्युनिस्ट असल्याचा शिक्का मारण्याचा त्यांचा सपाटा चार वर्षे चालला. शेवटी त्यांनी सैन्यालाच हात घातला आणि २२ एप्रिल १९५४ पासून त्याची सुनावणी दूरचित्रवाणीवरून अमेरिकेतल्या घराघरांत दिसू लागली. इकडे भंडाऱ्यात प्रचाराच्या सभा चालू होत्या, तेव्हा तिकडे मॅकार्थींचा बहर ओसरत होता. डिसेंबरात सिनेटने त्यांची निर्भर्त्सना केली.

म्हणजे ‘अमेरिकन उजवे’ असा एकच गट १९५४ मध्येही नव्हता. जगभर कम्युनिझमशी लढा म्हणणारे होते, घर सांभाळा म्हणणारे होते आणि घरातच शत्रू शोधणारे होते. तिघांची आपापसांत भांडणे होती.

जिथे वाट फुटते

चीन आणि रशियाच्या प्रश्नावर बाबासाहेबांचे मत नोलँड आणि डलेस यांच्या मताजवळ जाते, हे मान्य करायला हवे. ते लपवण्यात अर्थ नाही. पण ते तिथे वेगळ्या वाटेने पोहोचले होते.

पहिला फरक धर्माचा. अमेरिकेतल्या कम्युनिस्टविरोधाला चर्चचा मोठा आधार होता. नास्तिक रशियापेक्षा आपण वेगळे आहोत हे दाखवण्यासाठी १४ जून १९५४ रोजी अमेरिकेच्या ध्वजप्रतिज्ञेत ईश्वराचा उल्लेख कायद्याने घालण्यात आला. बाबासाहेबांच्या विरोधात ईश्वर नव्हता. २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूत त्यांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर जे भाषण दिले, त्यात त्यांनी गरिबी आणि शोषण हा प्रश्न मार्क्सइतकाच गंभीर मानला. मतभेद उपायावर होता. हिंसा आणि हुकूमशाही हा मार्ग त्यांना नको होता, मन बदलण्याचा बुद्धाचा मार्ग हवा होता.

दुसरा फरक त्याहून मोठा. १७ मे १९५४ चा शाळांचा निकाल अमेरिकेच्या दक्षिणेतल्या रूढिप्रिय पुढाऱ्यांना मुळीच रुचला नाही. मार्च १९५६ मध्ये दक्षिणेतल्या शंभराजवळ खासदारांनी त्याविरुद्ध जाहीरनामा काढला. नोव्हेंबर १९५५ मध्ये सुरू झालेले ‘नॅशनल रिव्ह्यू’ हे उजव्या विचारांचे प्रमुख नियतकालिक १९५७ मध्ये दक्षिणेतल्या गोऱ्यांची बाजू घेऊन उभे राहिले. जे लोक व्हिएतनाममधल्या माणसाच्या स्वातंत्र्यासाठी बोलत होते, त्यांतले अनेक जण अलाबामातल्या काळ्या मुलाच्या शाळेच्या प्रश्नावर गप्प होते किंवा विरोधात होते.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कमध्ये शिकले होते. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या चळवळीने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या व भारतातल्या अस्पृश्यांच्या स्थितीतले साम्य नोंदले होते. त्यामुळे शाळांच्या निकालात ते कोणत्या बाजूला असते, हे सांगायची गरज नाही.

म्हणून बाबासाहेबांना ‘अमेरिकन उजव्यांच्या’ रांगेत उभे करता येत नाही आणि त्यांना अमेरिकेच्या विरोधकांच्या रांगेतही बसवता येत नाही. परराष्ट्र धोरण एका पिशवीत, समाजधोरण दुसऱ्या पिशवीत आणि दोन्हींवर एकच चिठ्ठी, ही सवय आपली आहे, त्यांची नव्हती. त्यांची कसोटी दोनच प्रश्नांची होती. या धोरणाने माझ्या देशातल्या गरिबाच्या ताटातले किती जाते? आणि या धोरणाने माणसाचे स्वातंत्र्य वाढते की घटते?

अशोक मेहतांचा पुढचा प्रवास

भंडाऱ्याने त्या वेळी ज्यांना दिल्लीला पाठवले, त्या अशोक मेहतांचीही गोष्ट इथेच सांगायला हवी. ते समाजवादी, पण कम्युनिस्टविरोधी समाजवादी. १९५७ नंतर ते भंडाऱ्याचे खासदार राहिले नाहीत. पुढे योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले, काँग्रेसमध्ये गेले, इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळात नियोजनमंत्री झाले.

१९६६ हे दुष्काळाचे आणि परकीय चलनाच्या टंचाईचे वर्ष. त्या वर्षी मेहता वॉशिंग्टनला जाऊन जागतिक बँकेशी मदतीची बोलणी करून आले. ६ जूनला रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर गेला. मेहतांवर अमेरिकेपुढे वाकल्याचा आरोप झाला. ठरलेली मदत पुढे अपेक्षेप्रमाणे आली नाही, आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सन भारताला गहू थोडा-थोडा हात राखून सोडत राहिले. मैत्रीचाही खर्च असतो, हे त्या वर्षी कळले.

पण ऑगस्ट १९६८ मध्ये रशियाचे रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसले, तेव्हा भारत सरकारने त्याचा स्पष्ट निषेध केला नाही, म्हणून मंत्रिमंडळाचा राजीनामा देणारे अशोक मेहताच होते. परराष्ट्र धोरणाच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडणे आपल्याकडे दुर्मीळ. भंडाऱ्याच्या १९५४ च्या निवडणुकीतली दोन नावे घ्या: एकाने त्या निवडणुकीच्या आधी आणि एकाने नंतर मंत्रिपद सोडले, आणि दोघांच्याही कारणांत परराष्ट्र धोरण होते. एकाच मतदारसंघाच्या वाट्याला असा योग आल्याचे दुसरे उदाहरण माझ्या वाचनात नाही.

कोण बरोबर ठरले?

या प्रश्नाला इतिहासाने एका बाजूचे उत्तर दिलेले नाही. १९६२ मध्ये चीनने हल्ला केला आणि १९ नोव्हेंबरला नेहरूंना राष्ट्राध्यक्ष केनेडींकडे लढाऊ विमानांची मदत मागणारी पत्रे लिहावी लागली. दोन दिवसांनी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. ल्हासाबद्दल आठ वर्षे आधी दिलेला इशारा खरा ठरला. हा भाग बाबासाहेबांच्या बाजूचा.

दुसरी बाजूही तितकीच खरी. १९५४ च्या कराराने पाकिस्तानला मिळू लागलेली शस्त्रे कम्युनिस्टांविरुद्ध वापरली जातील असे अमेरिकेने सांगितले होते. १९६५ मध्ये खेमकरणच्या शेतांत जे पॅटन रणगाडे आले, ते अमेरिकन होते. १९७१ च्या डिसेंबरात बंगालच्या उपसागराकडे निघालेले ‘एंटरप्राइज’ हे जहाजही अमेरिकन होते, आणि तेव्हा व्हाइट हाउसमध्ये रिपब्लिकन निक्सन होते. त्यांनी लोकशाही भारताला सोडून पाकिस्तानच्या लष्करशहाची बाजू घेतली, आणि त्याच वर्षी चीनकडे जाण्याची त्यांची गुप्त वाटही पाकिस्तानातूनच गेली. ज्या निक्सन यांनी आयुष्यभर कम्युनिस्टविरोधाचे राजकारण केले, त्यांनीच माओंशी हस्तांदोलन केले. डलेस यांच्या शब्दावर विसंबून भारत ‘सीटो’त गेला असता तर त्या दिवशी त्याचे काय झाले असते, हा प्रश्न नेहरूंचे समर्थक विचारतात आणि तो रास्त आहे.

यातून मला एवढेच दिसते की मोठ्या देशाची तत्त्वे आणि त्याचे हितसंबंध एका सरळ रेषेत चालत नाहीत. बाबासाहेबांचे शत्रूबद्दलचे निदान अचूक होते. मित्राबद्दलची आशा तितकी खरी ठरली नाही. नेहरूंचा मित्राबद्दलचा संशय बरोबर निघाला. शत्रूबद्दलचा विश्वास मात्र महागात पडला.

मतपेटी काय म्हणाली

निकालाकडे परत येऊ. द्विसदस्य मतदारसंघात प्रत्येक मतदाराला दोन मते असत आणि ती दोन वेगळ्या उमेदवारांना द्यावी लागत. अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब सुमारे आठ हजार मतांनी हरले आणि बोरकर निवडून आले.

आता हिशेब करून पाहा. मतदार तेच, मतदानाचे दिवस तेच, टीकेचे लक्ष्य तेच काँग्रेस सरकार. परराष्ट्र धोरणावर किंवा अमेरिकेवर लोकांनी मत दिले असते, तर दोघांचा निकाल सारखा लागायला हवा होता. तसे झाले नाही. काँग्रेसला सर्वसाधारण जागेवर नाकारणाऱ्यांपैकी पुरेशा लोकांनी राखीव जागेवर मात्र बाबासाहेबांना मत दिले नाही. त्यांच्या दुसऱ्या मताचा हात अडला. तो कशामुळे अडला, याचे उत्तर झाडीपट्टीच्या गावांत राहणाऱ्यांना बाहेरून कोणी सांगायला नको. गावाच्या एका टोकाची विहीर, दुसऱ्या टोकाची वस्ती आणि मधली बोडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ते ठाऊक आहे.

हीच गोष्ट अमेरिकेच्या त्या महिन्याशी जोडून पाहा. १७ मेचा निकाल आला तेव्हा तिथले गोरे मतदारही जगात स्वातंत्र्याचे रक्षण करणाऱ्या देशाचे अभिमानी नागरिक होते. दूरच्या देशातल्या स्वातंत्र्यावर मत देणे सोपे असते. शेजारच्या वस्तीतल्या माणसाच्या नावापुढे शिक्का मारणे कठीण असते. भंडाऱ्यात जे झाले आणि अलाबामात जे झाले, त्यात फार अंतर नव्हते.

आजचा वाद

आज अमेरिकेतल्या उजव्यांमध्ये पुन्हा तेच भांडण जुंपले आहे. डोनाल्ड ट्रम्प यांची ‘अमेरिका प्रथम’ ही घोषणा ऐकली की टाफ्ट यांचा आवाज ओळखू येतो: युरोपचे रक्षण आम्ही का करायचे, करार आम्हाला बांधतात कशाला. जून २०२५ मध्ये अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर हल्ला केला, तेव्हा ट्रम्प यांच्याच समर्थकांत फूट दिसली. काही जण म्हणाले शत्रूला ठेचलेच पाहिजे; काही जण म्हणाले हे आपले युद्ध नव्हे. नोलँड आणि टाफ्ट यांचे नातू-पणतू भांडत आहेत, असे म्हटले तरी चालेल.

आपल्याकडे या भांडणात एक बाजू घेऊन टाळ्या वाजवणारे पुष्कळ आहेत. कोणी ट्रम्प आपले मित्र म्हणून आनंदला. मग २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लागले, त्यातला अर्धा भाग रशियाचे तेल घेतल्याच्या शिक्षेचा. सप्टेंबरात एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क आले आणि विदर्भातल्या कित्येक घरांत मुलाच्या अमेरिकेच्या स्वप्नाचा हिशेब पुन्हा मांडला गेला. दुसऱ्या बाजूला, अमेरिकेला शिव्या दिल्या की आपण पुरोगामी झालो, असे मानणारेही आहेत. त्यांना तिबेट आठवत नाही, प्राग आठवत नाही.

या गोंगाटात १९५४ च्या भंडाऱ्याकडून घेण्यासारखे काही असेल तर ते कसोटीचे मोजमाप आहे. अमेरिकेतला कोणता गट आपल्या आवडीचा, हा प्रश्न बाबासाहेबांनी विचारला नाही. त्यांनी ३५० कोटी आणि १८० कोटी हे आकडे समोर ठेवले आणि विचारले, हे पैसे कोणाच्या पोटातून जातात. आपण आज तोच प्रश्न धानाच्या भावाला, खताच्या किमतीला, मुलाच्या व्हिसाला आणि सीमेवरच्या जवानाला लावून विचारायला हवा. आणि त्यासोबत दुसरा प्रश्न, जो त्यांच्या पराभवाने आपल्यापुढे ठेवला: जगातल्या स्वातंत्र्याबद्दल बोलताना आपले दुसरे मत आपण कोणाला नाकारतो?

दिवाळीच्या या दिवसांत हलका धान कापून झालेला असतो, भारी धान अजून शेतात उभा असतो, आणि गावोगावच्या मंडईत दूरदूरची माणसे भेटतात. भंडाऱ्याच्या त्या निवडणुकीला सत्तर वर्षे उलटून गेली. तेव्हा मतदान केलेला माणूस आज नव्वदीच्या पुढचा असेल. कोणाच्या घरी असे आजोबा किंवा आजी असतील, तर अमेरिकेवर वाद घालण्याआधी त्यांना विचारावे, १९५४ मध्ये तुमची दोन मते कुठे गेली होती. उत्तर मिळाले तर लिहून ठेवावे. आपल्या भागाचा हा इतिहास अजून कोणी नीट लिहिलेला नाही, आणि तो सांगणारी माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.